लिनक्सच्या लॉगिन नोंदींत अनोळखी आयपी पत्ता दिसल्यास तपास कसा करावा

महिन्याच्या भाड्याने लिनक्स सर्व्हर घेऊन त्यावर संस्थेचे संकेतस्थळ, महाविद्यालयातला प्रकल्प किंवा एखाद्या दुकानाची बिलिंग प्रणाली चालवणारे लोक पुण्यात पुष्कळ आहेत. त्या सर्व्हरच्या लॉगिन नोंदी उघडण्याची वेळ मात्र बहुधा काहीतरी खटकल्यावरच येते. नोंदींत ओळखीचा नसलेला एक आकडा दिसतो, तो एखाद्या संकेतस्थळावर टाकल्यावर परदेशातल्या शहराचे नाव समोर येते आणि माणूस एकतर घाबरून सर्व्हर बंद करतो किंवा ‘असे होतच असते’ म्हणून सोडून देतो. दोन्हींत नुकसान आहे. पत्ता कोणत्या शहरातला, हा तपासातला शेवटचा आणि सर्वांत कमी भरवशाचा प्रश्न आहे. त्या पत्त्यावरून कोणी खरोखर आत आले का, कोणत्या खात्याने आले, पासवर्डने की किल्लीने (पासवर्डऐवजी वापरायच्या गुप्त फाइलीने) आले आणि आत आल्यावर काय केले, हे प्रश्न त्याआधीचे आहेत, आणि त्यांची उत्तरे तुमच्याच सर्व्हरवर लिहिलेली असतात.

या लेखातील आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. वेगळे सांगितले नसेल तिथे टर्मिनलमध्ये ती नेहमीप्रमाणे लहान रोमन अक्षरांत टंकावीत. उदाहरणांतील २०३.०.११३.४५ हा पत्ता केवळ लेखनातील उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातला आहे, त्यामुळे तो कोणाचाही नाही.

पहिली पायरी: आत आलेले आणि दारावरून परतलेले वेगळे करावेत

लिनक्स यशस्वी लॉगिनची नोंद ‘/व्हार/लॉग/डब्ल्यूटीएमपी’ या फाइलीत ठेवते आणि फसलेल्या प्रयत्नांची ‘/व्हार/लॉग/बीटीएमपी’ या फाइलीत. पहिली फाइल ‘लास्ट’ या आज्ञेने वाचता येते, तर दुसरी ‘सुडो लास्टबी’ने. दुसरीसाठी रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार लागतात, आणि त्याला कारण आहे: घाईत एखाद्याने खात्याच्या नावाच्या जागी पासवर्डच टंकला, तर तो त्या फाइलीत जसाच्या तसा उतरतो.

इंटरनेटवर उघड्या असलेल्या आणि २२ क्रमांकाच्या पोर्टवर एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सेवा) चालू असलेल्या कोणत्याही सर्व्हरवर ‘लास्टबी’ची यादी संपता संपत नाही. रूट, ॲडमिन, टेस्ट, उबुंटू, ओरॅकल, पाय अशी नेहमीची नावे घेऊन यंत्रे दिवसरात्र पासवर्ड आजमावत असतात. तुमच्यावर कोणाचा राग आहे किंवा कोणी तुम्हाला हेरले आहे, असा त्याचा अर्थ नाही. उत्तर देणाऱ्या प्रत्येक पत्त्यावर हे घडते. म्हणून या यादीतला एकेक पत्ता शोधत बसण्यात वेळ घालवू नये. तिचा उपयोग एकाच तुलनेसाठी आहे: इथे वारंवार आपटून परत गेलेला पत्ता ‘लास्ट’च्या यशस्वी यादीतही दिसतो का? दिसत असेल, तर पासवर्ड फुटला असे धरून पुढच्या पायऱ्या त्याच दिवशी पार पाडाव्यात.

‘लास्ट’ची यादी वाचताना काही गोष्टी नवशिक्याला हमखास फसवतात. ‘रीबूट सिस्टिम बूट’ या ओळीत पत्त्याच्या जागी ५.१५.० यासारखा आकडा असतो. तो आयपी पत्ता नसून कर्नलची आवृत्ती असते. ज्या रकान्यात ‘:०’ दिसते, ते लॉगिन त्याच संगणकाच्या पडद्यासमोर बसून झालेले असते. ‘लास्ट -आय’ दिल्यावर अशाच स्थानिक नोंदींसमोर ०.०.०.० येते, त्यालाही घाबरण्याचे कारण नाही. ‘टीमक्स’ आणि ‘स्क्रीन’ वापरणाऱ्यांच्या सत्रांसमोर त्या साधनांच्या खुणा दिसतात. आयपीव्ही६ चा लांब पत्ता मात्र साध्या ‘लास्ट’मध्ये रकान्यात मावत नाही म्हणून मध्येच कापला जातो, आणि त्या अर्धवट पत्त्यावर शोध घेतला तर भलत्याच जागी जाऊन पोचतो. म्हणून सुरुवातीपासूनच ‘लास्ट -आय -डब्ल्यू -एफ’ असे द्यावे, त्यातला ‘एफ’ मोठ्या लिपीतला. म्हणजे पत्ता आकड्यांत, नावे पूर्ण आणि वेळ सालासकट मिळते.

यादीच्या तळाशी ‘डब्ल्यूटीएमपी बिगिन्स’ अशी ओळ असते. सर्व्हर वर्षभर जुना आणि नोंदी मात्र या महिन्याच्या पहिल्या तारखेपासूनच, असे दिसले तर आधी जुनी फाइल शेजारी आहे का ते पाहावे, कारण लॉगरोटेट हे जुन्या नोंदी आवरणारे साधन ही फाइल ठरावीक काळाने बाजूला काढते. ‘लास्ट -एफ /व्हार/लॉग/डब्ल्यूटीएमपी.१’ अशी आज्ञा दिल्यास ती वाचता येते. इथला ‘एफ’ लहान लिपीतला. जुनी फाइलही नाही आणि नोंदी परवाच सुरू झालेल्या आहेत, असे असेल तर ती गोष्ट स्वतंत्रपणे लिहून ठेवावी. रूटचे अधिकार मिळालेल्या घुसखोराला ही फाइल पुसता किंवा बदलता येते.

तुमच्याकडे डेबियन १३ असेल, तर ‘लास्ट’, ‘लास्टबी’ आणि ‘लास्टलॉग’ या आज्ञा जुन्या रूपात सापडणार नाहीत. तिथे ‘डब्ल्यूटीएमपीडीबी’ आणि ‘लास्टलॉग२’ ही पॅकेजे त्यांच्या जागी आली आहेत, आणि फसलेले प्रयत्न ‘एलएसलॉगिन्स’मधून पाहता येतात.

दुसरी पायरी: एसएसएचने लिहिलेली मूळ ओळ शोधावी

‘लास्ट’वर समाधान मानू नये, असे मी आग्रहाने सांगतो. ‘एससीपी’ किंवा ‘एसएफटीपी’ने फाइली नेल्या, किंवा एसएसएचने एकच आज्ञा चालवून कोणी बाहेर पडले, तर टर्मिनल उघडलेच जात नाही, आणि अशा जोडणीची नोंद डब्ल्यूटीएमपीमध्ये सहसा होत नाही. म्हणजे डेटाबेसची प्रत उचलून नेणाऱ्याचे नाव ‘लास्ट’मध्ये नसण्याचीच शक्यता अधिक. त्याची नोंद एसएसएचच्या लॉगमध्ये असते. उबुंटू आणि डेबियनवर ती ‘/व्हार/लॉग/ऑथ.लॉग’मध्ये मिळते, तर रेड हॅट, रॉकी, अल्मा आणि फेडोरा या घराण्यात ‘/व्हार/लॉग/सिक्युअर’मध्ये. या फाइली नसतील, तर ‘जर्नलसीटीएल -यू एसएसएच’ किंवा रेड हॅट घराण्यात ‘जर्नलसीटीएल -यू एसएसएचडी’ वापरावे.

त्यात ‘ॲक्सेप्टेड’ हा शब्द (पहिले अक्षर मोठ्या लिपीत) ‘ग्रेप’ या शोधण्याच्या आज्ञेने शोधावा. कॉम्प्रेस करून ठेवलेल्या जुन्या फाइलींसाठी ‘झेडग्रेप’ आहे. सापडलेली ओळ साधारण अशी असते: ‘ॲक्सेप्टेड पासवर्ड फॉर डिप्लॉय फ्रॉम २०३.०.११३.४५ पोर्ट ५१५१४ एसएसएच२’. या एका ओळीत तपासाला लागणारे जवळजवळ सर्व काही आहे: लॉगिन पासवर्डने झाले, खाते ‘डिप्लॉय’ होते, पत्ता अमुक होता आणि पलीकडच्या बाजूचा पोर्ट ५१५१४ होता. पोर्टचा आकडा निरुपयोगी वाटतो म्हणून बहुतेक जण तो टिपत नाहीत. पण मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात, आणि पुढे पोलिसांनी त्या कंपनीकडे विचारणा केली तर अचूक वेळ आणि पोर्ट यांच्याशिवाय नेमका ग्राहक ठरवणे कठीण जाते. म्हणून पूर्ण ओळ जशीच्या तशी उतरवून घ्यावी.

‘पासवर्ड’ऐवजी ‘पब्लिककी’ असेल, तर ओळीच्या शेवटी ‘एसएचए२५६:’ने सुरू होणारा किल्लीचा ठसा असतो. त्याकडे आपण चौथ्या पायरीत येऊ.

तिसरी पायरी: वेळ आणि पत्ता यांचा अर्थ लावावा

पत्त्याआधी वेळ. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असतात आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. नोंदीत पहाटे ३ वाजून १० मिनिटे दिसली, तर पुण्यात तेव्हा सकाळचे ८ वाजून ४० मिनिटे झालेली असतात, म्हणजे हिंजवडीच्या रस्त्यावर बसमध्ये बसलेला सहकारी फोनवरून सर्व्हर तपासत असण्याची अगदी साधी शक्यता असते. ‘टाइमडेटसीटीएल’ने सर्व्हरचे घड्याळ कोणत्या क्षेत्राचे आहे ते पाहावे आणि ‘टीझेड=एशिया/कोलकाता लास्ट -आय -डब्ल्यू -एफ’ असे देऊन (‘टीझेड’, दोन्ही नावांची पहिली अक्षरे आणि ‘एफ’ मोठ्या लिपीत) तीच यादी भारतीय वेळेत वाचावी. अनोळखी वाटलेल्या कितीतरी नोंदींचा उलगडा इथेच होतो.

आता पत्ता. १०. ने, १९२.१६८. ने आणि १७२.१६ ते १७२.३१ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते खासगी असतात. ते इंटरनेटवरून थेट येऊ शकत नाहीत. १७२.१७ हा तर बहुधा त्याच यंत्रावरच्या डॉकरचा (प्रणाली वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाचा) असतो. कार्यालयातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या सर्व्हरवर अनोळखी खासगी पत्ता दिसला, तर शोध बाहेर घ्यायचा नसून राउटरच्या डीएचसीपी यादीत घ्यायचा असतो. तो पत्ता त्या वेळी कोणत्या यंत्राकडे होता, हे ती यादी सांगते, पण ती फार काळ टिकत नाही, म्हणून लगेच पाहावी. १००.६४ ते १००.१२७ हा गट मोबाइल आणि ब्रॉडबँड कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखलेला आहे, आणि टेलस्केल ही खासगी जाळे उभारणारी प्रणालीही हाच गट वापरते. तुमच्या चमूत टेलस्केल असेल तर उत्तर तिच्या नियंत्रण पानावर सापडेल.

सार्वजनिक पत्ता कोणाच्या नावे नोंदला आहे ते पाहण्यासाठी ‘हूइज’ ही आज्ञा द्यावी. आशिया-पॅसिफिक भागातले पत्ते एपनिक ही संस्था वाटते आणि भारतात ते काम निक्सीच्या अखत्यारीतील आयआरआयएनएन पाहते. उत्तरातले ‘नेटनेम’, वर्णन आणि ‘अब्यूज’ असा उल्लेख असलेला ईमेल एवढे टिपावे. ‘कंट्री’ हा रकाना पत्त्यांचा गट कोणत्या देशाच्या नावे नोंदला आहे ते सांगतो, यंत्र कुठे ठेवले आहे ते सांगत नाही. ‘डिग -एक्स’ने मिळणारे उलटे नाव, म्हणजे पत्त्यावरून शोधलेले यंत्राचे नाव, हे पत्त्याच्या मालकाने स्वतः लिहिलेले असते, म्हणून ते नाव पुन्हा साध्या ‘डिग’ला देऊन तोच पत्ता परत येतो का ते पाहिल्याखेरीज त्यावर विसंबू नये.

शहराचे नाव सांगणाऱ्या संकेतस्थळांबद्दल पुणेकरांनी विशेष सावध राहावे. कोथरूडमध्ये बसून मोबाइल इंटरनेट वापरणाऱ्याचा पत्ता ही संकेतस्थळे अनेकदा मुंबईचा दाखवतात, कारण कंपनीचा बाहेर पडण्याचा मार्ग तिथे नोंदलेला असतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली, घरचे वायफाय बंद पडले आणि सहकाऱ्याने फोनच्या हॉटस्पॉटवरून काम सुरू ठेवले, तर तुमच्या नोंदीत ‘मुंबईचा’ नवा पत्ता उमटतो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझुर सेवेचा ‘सेंट्रल इंडिया’ हा विभाग पुण्यात आहे, त्यामुळे ‘पुणे’ असे दाखवणारा पत्ता जगातल्या कोणत्याही कोपऱ्यातल्या माणसाने भाड्याने घेतलेल्या यंत्राचा असू शकतो. आपल्या गावचा म्हणून पत्ता निर्धास्तपणे सोडून देणे हे परदेशी पत्त्याला घाबरण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे.

आयपीव्ही६ मध्येही अशीच गल्लत होते. जिओचे पत्ते २४०९:४० अशा आकड्यांनी सुरू होतात आणि ते आपल्याकडे इतके दिसतात की २४०९ पाहताच डोळा पुढे सरकतो. पण २४०९:८ ने सुरू होणारे पत्ते चायना मोबाइलचे आहेत. पहिले चार आकडे पाहून निर्णय घेऊ नये. शिवाय फोन आणि लॅपटॉप आपल्या पत्त्याचा उत्तरार्ध अधूनमधून स्वतःहून बदलतात, त्यामुळे दोन नोंदींची तुलना करताना पहिले चार गट जुळतात का, एवढेच पाहावे.

पत्ता ब्रॉडबँड कंपनीचा नसून क्लाउड कंपनीचा निघाला, तर आधी स्वतःच्या कामांची उजळणी करावी. गूगल क्लाउडवर ब्राउझरमधून आयएपी या गूगलच्याच मध्यस्थ सेवेच्या मार्गाने उघडलेले टर्मिनल ३५.२३५.२४० ते ३५.२३५.२५५ या गटातून आलेले दिसते. इतर कंपन्यांचे ब्राउझर टर्मिनलही त्या-त्या कंपनीच्या पत्त्यांवरून येतात. गिटहब ॲक्शन्स या स्वयंचलित कामे चालवणाऱ्या सेवेने सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवत असाल, तर तिची लिनक्स यंत्रे अझुरवर चालतात आणि पत्ता दर वेळी वेगळा असू शकतो. अशा वेळी नोंदीची वेळ आणि गिटहबवरच्या कामाची वेळ शेजारी ठेवून पाहावी. दोन्ही जुळल्या तर शंका मिटते. यांपैकी काहीच जुळत नसेल, तर मात्र गांभीर्य वाढते. क्लाउडच्या यंत्रासमोर माणूस बसलेला नसतो. तिथून आलेले लॉगिन एकतर व्हीपीएन असते, एखादे स्वयंचलित काम असते किंवा दुसऱ्याचे बळकावलेले यंत्र असते.

चौथी पायरी: किल्ली कोणाची ते ठरवून माणसाला विचारावे

किल्लीने लॉगिन झाले असेल, तर पत्त्यापेक्षा कितीतरी भक्कम पुरावा हाताशी आहे. त्या खात्याच्या घरातील ‘.एसएसएच/ऑथराइज्ड_कीज’ या फाइलीवर ‘एसएसएच-कीजेन -एलएफ’ चालवावे. फाइलीतल्या प्रत्येक किल्लीचा ठसा समोर येतो. लॉगमधला ठसा त्यांतल्या ज्याच्याशी जुळेल, ती किल्ली वापरली गेली. ओळीच्या शेवटी असलेले नाव केवळ टीप असते आणि ती कोणीही काहीही लिहू शकतो, म्हणून किल्ली कोणाला दिली होती याची स्वतंत्र नोंद चमूकडे हवी. एकच किल्ली तिघे-चौघे वापरत असतील, तर हा तपास इथेच अडतो.

ज्याची किल्ली आहे त्याला फोन करावा. त्याच सर्व्हरवरच्या ईमेलने विचारू नये. प्रश्न कसा विचारतो यालाही महत्त्व आहे. “शुक्रवारी सकाळी पावणेनऊला तूच होतास ना?” असे विचारले, तर समोरचा माणूस आठवण्याचा त्रास न घेता हो म्हणून मोकळा होतो. “शुक्रवारी सर्व्हरवर कधी आणि कुठून गेला होतास?” असे विचारावे आणि त्याने सांगितलेली वेळ नोंदीशी पडताळावी. त्याच्या फोनवरच्या किंवा घरच्या जोडणीचा आत्ताचा सार्वजनिक पत्ता विचारला, तर तो त्याच कंपनीच्या गटातला आहे का हेही समजते. इथे कोणावर आरोप करायचा नसतो, आणि ते बोलण्याच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले तर माणूस मोकळेपणाने बोलतो.

पाचवी पायरी: कोणीच आपले म्हणत नसेल तर

सर्व्हर रीबूट करू नये आणि संशयास्पद वाटलेली फाइल पुसू नये. रीबूट केल्याने चालू प्रक्रिया, उघड्या जोडण्या आणि स्मृतीत असलेले सर्व पुरावे जातात. आधी ‘डब्ल्यू’ (आत कोण आहे), ‘एसएस -टीएनपी’ (चालू जोडण्या) आणि ‘पीएस ऑक्सएफ’ (चालू प्रक्रिया) यांची उत्तरे स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावीत. मग ‘/व्हार/लॉग’ ही संपूर्ण निर्देशिका दुसऱ्या यंत्रावर नकलून प्रत्येक फाइलीचा ‘एसएचए२५६सम’ (फाइल नंतर बदलली का ते दाखवणारा ठसा) काढून ठेवावा. क्लाउड कंपनी डिस्कचा स्नॅपशॉट देत असेल तर तो घ्यावा. त्यानंतर कंपनीच्या नियंत्रण पानावरील फायरवॉलमधून २२ क्रमांकाचा पोर्ट फक्त आपल्या पत्त्यापुरता उघडा ठेवावा आणि आधीपासून चालू असलेली अनोळखी सत्रे तोडावीत. बाहेर जाणाऱ्या जोडण्याही तिथूनच रोखाव्यात.

शोध घेताना ‘/ईटीसी/पासडब्ल्यूडी’ या खात्यांच्या यादीत शून्य क्रमांकाचे, म्हणजे रूटइतके अधिकार असलेले, दुसरे खाते आहे का, सर्व खात्यांच्या ‘ऑथराइज्ड_कीज’मध्ये अनोळखी किल्ली आहे का, क्रॉनटॅब आणि सिस्टिमडीचे टायमर (ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे) आणि ‘/ईटीसी/सुडोअर्स.डी’ (रूटचे अधिकार कोणाला ते ठरवणारी निर्देशिका) यांत काही नवे आहे का, हे पाहावे. घुसखोराला रूट मिळाला असेल, तर सर्व्हर साफ करत बसू नये. नवा सर्व्हर उभारून खात्रीच्या बॅकअपवरून माहिती आणावी, आणि जुन्या सर्व्हरवर लिहिलेला प्रत्येक पासवर्ड, डेटाबेसची आणि बाहेरच्या सेवांची प्रत्येक किल्ली बदलावी. दुरुस्त केलेल्या यंत्रावर आपण विश्वास ठेवू शकतो, असे मला वाटत नाही.

आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. इतर तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा सायबर पोलीस ठाण्यात करता येते. हिंजवडी, वाकड, पिंपरी, चिंचवड हा भाग २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे आहे, तर कोथरूड, शिवाजीनगर पुणे शहर आयुक्तालयाकडे. कार्यालयाच्या पत्त्याप्रमाणे योग्य ठिकाणी गेल्यास हेलपाटा वाचतो. कंपन्यांसाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश लागू आहेत. त्यांत नमूद केलेल्या प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. उबुंटूमध्ये ‘ऑथ.लॉग’च्या केवळ ४ आठवड्यांच्या जुन्या प्रती राहतात, त्यामुळे लॉगरोटेटची मांडणी बदलून त्या किमान २६ आठवडे ठेवाव्यात, आणि शक्य असल्यास आरसिसलॉग या नोंदी पाठवणाऱ्या सेवेने दुसऱ्या यंत्रावर पाठवाव्यात, म्हणजे घुसखोराच्या हाती आलेल्या सर्व्हरवरील नोंदी पुसल्या गेल्या तरी प्रत शिल्लक राहते.

नव्या सर्व्हरवर पासवर्डचे लॉगिन बंद करताना

एसएसएचडीच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या एसएसएच सेवेच्या) मांडणीत ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहिणे ही एकच गोष्ट ‘लास्टबी’तल्या बहुतेक यंत्रांना निकामी करते. फेल-टू-बॅन या वारंवार फसणारे पत्ते रोखणाऱ्या प्रणालीने गोंगाट कमी होतो, पण ती या बदलाची जागा घेऊ शकत नाही. एक खाचखळगा ध्यानात ठेवावा: ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ या निर्देशिकेत क्लाउड-इनिटने (क्लाउडवरच्या नव्या सर्व्हरची पहिली मांडणी करणाऱ्या साधनाने) ठेवलेली वेगळी फाइल असू शकते, आणि एसएसएचडी एखाद्या सूचनेचे पहिले वाचलेले मूल्यच धरतो. त्यामुळे मुख्य फाइलीत ‘नो’ लिहूनही पासवर्ड चालू राहू शकतो. ‘सुडो एसएसएचडी -टी’ हे लहान ‘टी’ने दिल्यास मांडणीतल्या चुका दिसतात, आणि मोठ्या ‘टी’ने दिल्यास प्रत्यक्षात लागू होणारे मूल्य दिसते. सेवा पुन्हा सुरू करताना चालू सत्र उघडेच ठेवावे, दुसरी खिडकी उघडून किल्लीने आत जाता येते आणि पासवर्डने जाता येत नाही हे दोन्ही आजमावावे, आणि मगच पहिल्या सत्रातून बाहेर पडावे.